गोटी देऊन शिडी घेतली

यंदाची ट्रॉफी आपल्या स्टोअरमध्ये येणार म्हणजे येणारच, असं कोचनं छातीठोकपणे जाहीर केलं आणि तिच्यासाठी रॅकवरची जागासुद्धा मोकळी करून टाकली. तिथं वीस किलोचा ग्रीसचा डबा होता. तो खाली उतरवताना कोचच्या कमरेत असा काही लचका भरला, की पुढचे चार दिवस तो ट्रॉफीच्या रिकाम्या जागेकडे तिरका होऊनच बघत होता. सुरुवात ही अशी!

आता हा कोच म्हणजे काही खराखुरा कोच नव्हे. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात तो मेंटेनन्स खात्याचा स्टोअरकीपर होता. नट, बोल्ट, बेअरिंग, पट्टे, फ्यूज, जे कुणी मागेल ते खिडकीतून द्यायचं आणि देताना दोन फॉर्मांवर सही घ्यायची. एक फॉर्म लागायचा. दुसऱ्यावर कोराच असताना सही करून घ्यायची आणि तो खणात टाकायचा. "पहिला खराब झाला तर तुम्हाला शोधत कुठं फिरू?" असं त्याचं म्हणणं. वीस वर्षांत एकही फॉर्म खराब झाला नव्हता, पण अख्ख्या कारखान्याच्या कोऱ्या सह्या त्याच्या खणात पडून होत्या. 'कोच' हे नावही त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं. ते त्यानं इतक्या चिकाटीनं चालवलं की शेवटी लोकच दमले आणि त्याला कोच म्हणू लागले.

कारखान्यात दरवर्षी खात्याखात्यांमध्ये बास्केटबॉलचे सामने व्हायचे. मैदान गोदामामागच्या अंगणात. रिंग वेल्डरनं भंगारातल्या पाइपची केलेली. बोर्ड म्हणजे रंगाला पोपडे आले म्हणून नापास झालेलं कपाटाचं दार! त्याची मूठ काढायची राहून गेली होती, त्यामुळे चेंडू मुठीवर बसला की तो कुठं जाईल हे कुणी सांगू शकत नसे. आणि ट्रॉफी म्हणजे फूटभर उंचीचं, कुलूपबंद, इवलंसं कपाट. त्याची चावी पहिल्याच वर्षी हरवली होती. हलवलं की आत काहीतरी खुळखुळायचं. ती चावीच असावी असा जाणकारांचा अंदाज होता.

या सामन्यांचा नियम मात्र कडक. ज्याचं नाव ज्या खात्याच्या हजेरीपटावर, त्यानं त्याच खात्याकडून खेळायचं. हजेरीपट पर्सनलच्या बाईंच्या ताब्यात, आणि बाई म्हणजे घड्याळाला शिस्त शिकवतील अशा. तेव्हा दुसऱ्या खात्याचा खेळाडू आपल्याकडे हवा असेल तर एकच वाट होती. त्या माणसाची खरोखरची बदली करायची! माणसाच्या बदल्यात माणूस, परस्पर संमतीनं, फॉर्म भरून. नुसत्या खेळापायी असला उद्योग आजवर कुणी केला नव्हता, कारण आजवर कुणी कोच नव्हता.

मेंटेनन्सचा पॉईंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढं आणून बाकीच्यांना खेळवणारा, होता गोटी. कोचच्या बायकोचा धाकटा भाऊ. उंचीनं कमी, अंगानं गोल, वय चाळीस. कामावर तो मेंटेनन्सच्या फोनवर बसायचा. कुठल्या खात्यात काय बिघडलंय ते ऐकायचं आणि कुठल्या फिटरला कुठं धाडायचं ते ठरवायचं, एवढंच त्याचं काम. निदान कोचला तरी ते एवढंच वाटायचं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या खिडकीपाशी कोचनं विषय काढला. वेल्डर डबा खात होता, गोटी शेजारी खोक्यावर बसला होता.

"पॉईंट गार्डला काय लागतं?" कोचनं विचारलं, आणि कुणी घास गिळायच्या आत उत्तरही दिलं. "उंची! वेग! आणि नेम! आपल्या गोटीकडे यातलं काय आहे?"

"कोण कुठं उभं आहे ते त्याला कळतं," वेल्डर म्हणाला.

"ते मलाही कळतं!"

"तुला? मागच्या वर्षी मान तिकडे आणि पास इकडे असा चेंडू टाकलास, तो माझ्या नाकावर बसला. आजसुद्धा मी एकाच नाकपुडीनं श्वास घेतो."

"मोठे खेळाडू तसाच पास देतात!"

"त्यांच्या समोर घेणारेही मोठेच असतात रे. तुझ्यासमोर मी होतो."

गोटी हळूच म्हणाला, "भावोजी, न बघता दिला तरी चालतो. न सांगता देऊ नये. आधी हाक मारायची. पॉईंट गार्डचं अर्धं काम तोंडानंच असतं."

"मग उद्यापासून चेंडू तोंडात धर!" कोच म्हणाला आणि एकटाच हसला. मग त्यानं वही काढली. वहीत सगळा हिशेब होता. "गेल्या मोसमात गोटीचे गुण नऊ. पेंट शॉपच्या शिडीचे गुण एकशे चार! बोला आता."

"पास किती दिले?" वेल्डरनं विचारलं.

"पासचा रकाना नाही."

"का नाही?"

"वहीत जागा नाही!"

शिडी हा पेंट शॉपमधला सव्वासहा फुटी रंगारी. उंच कपाटांच्या टाळूवर फवारा मारायला इतरांना शिडी लागायची, याला नाही, म्हणून ते नाव. कोच त्याच दुपारी पेंट शॉपच्या फोरमनकडे गेला. फोरमन छप्पन वर्षांचा, रंगाच्या धुरानं आवाज बसलेला, अजूनही हट्टानं रिंगखाली सेंटरला खेळणारा.

"शिडी मला द्या," कोच म्हणाला.

"आणि मला काय?"

"गोटी."

"फॉर्म आणलायस का?" फोरमननं विचारलं, आणि खिशातून पेन काढलंसुद्धा! एवढ्या तत्परतेनं हो म्हणणाऱ्या माणसाचा संशय यायला हवा होता. पण कोचला वाटलं, आपण म्हाताऱ्याला गुंडाळला.

मेंटेनन्सच्या साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली. राहिला गोटी.

"भावोजी, तुम्ही म्हणता तर जातो," तो म्हणाला. "पण मला रंगाचा वास सोसत नाही हो."

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे! सामने संपले की आणतोच परत. कर सही. आणि या दुसऱ्यावर पण."

गोटीनं दोन्ही फॉर्मांवर सही केली. भावोजींनी पुढं केलेल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायची त्याला सवय नव्हती.

घरी मात्र भडका उडाला.

"माझ्या भावाला विकलात तुम्ही?"

"अगं, विकला नाही. बदलून घेतला!"

"बदलायला तो काय बल्ब आहे? आईची औषधं, पोरीची शाळा, सगळं त्या एकट्याच्या जिवावर चाललंय. त्याच्या नोकरीशी खेळ करू नका म्हणजे झालं!"

"नोकरीला काय होतंय? त्याच कारखान्यात, शंभर पावलांवर तर गेलाय."

 बायकोनं भांडी जरा मोठ्यानं ठेवली.

पहिल्याच सामन्यात शिडीनं चेंडू हातात घेतला आणि तो परत कुणाला दिलाच नाही. मेंटेनन्सचे बाकीचे चौघं हात वर करून नुसते पळत होते, लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी त्यांना लुटतंय. शिडीनं सव्वीस वेळा रिंगकडे चेंडू फेकला. सहा आत गेले, बाकीचे कपाटाच्या मुठीवर. शेवटी त्यानं उंच उडी मारली आणि त्या मुठीवर स्वतःचं कपाळ आपटून घेतलं. तीन टाके पडले.

"सहा बास्केट!" कोचनं वहीत लिहिलं. वेल्डरनं त्याच्याकडे बघून एका नाकपुडीनं उसासा टाकला.

कामावर तर त्याहून बिकट. गोटीच्या जागी आता फोनवर शिडी. फोन आला की तो जवळ दिसेल त्याला पाठवायचा. कँटीनचा नळ गळतो म्हणून तीन फिटर गेले, आणि प्रेस शॉपचा कॉम्प्रेसर दोन तास बंद पडून राहिला. इलेक्ट्रिशियनला गटार साफ करायला धाडलं, गटारवाल्याला फ्यूज बदलायला. अर्धा कारखाना अंधारात गेला! तेव्हा कुठं कोचच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं कॉम्प्रेसर आधी आणि नळ नंतर हे कुणीतरी रोज ठरवत होतं. दोन फिटरांचं आपसात पटत नाही, त्यांना एकत्र पाठवायचं नाही, हेसुद्धा. गोटीनं खुर्चीत बसून अख्ख्या खात्याला खेळवलं होतं, आणि वहीत त्याचा रकानाच नव्हता.

तिकडे पेंट शॉपनं तोंडाला मास्क बांधलेल्या, खोकणाऱ्या गोटीच्या जोरावर ओळीनं तीन सामने जिंकले. फोरमननं एवढ्या घाईनं पेन का काढलं होतं, ते आता कळत होतं. मेंटेनन्स एकही सामना जिंकला नाही, तरी अंतिम फेरीत पोचला. कारण ऑफिसवाल्यांनी कामाचं कारण सांगून माघार घेतली आणि पॅकिंगचे तिघं तापानं झोपले. "आलो की नाही फायनलला!" कोच म्हणाला. वेल्डरनं नाक चोळलं.

आणि मग ती नोटीस लागली.

जेमतेम सहा ओळी होत्या. आता पत्रा बाहेरून रंगवूनच येणार असल्यामुळे पेंट शॉप बंद करण्यात येत आहे. पुढील महिन्याच्या एक तारखेस ज्यांची नावे पेंट शॉपच्या हजेरीपटावर असतील, त्या तेवीस कर्मचाऱ्यांना सेवेतून मुक्त करण्यात येईल. व्यवस्थापन त्यांच्या सहकार्याबद्दल आभारी आहे. आणि खाली, वेगळ्या पेनानं: बास्केटबॉलचा अंतिम सामना ठरल्याप्रमाणे खेळीमेळीच्या वातावरणात होईल.

कोचनं ती नोटीस तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचताना तो तिथंच सायकल स्टँडच्या कठड्यावर टेकला. तेवीस. गोटी गेला नसता तर त्या तेविसात शिडी असता. त्याच्या जागी गोटीचं नाव कोचनं स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरांत भरलं होतं.

तो धावतच शिडीकडे गेला. "तू परत जा बाबा. आपण फॉर्म उलटा भरू."

शिडीनं कपाळावरच्या टाक्यांवरून हात फिरवला. "कोच, माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. मी आलो का स्वतःहून? तुम्हीच मागून घेतलंत मला. आता कुठं ढकलता?"

कोच वेल्डरकडे गेला. वेल्डरनं दोन्ही हात कानांवर ठेवले. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "गंमत करता काय?" एका फिटरनं तर कोच येताना दिसला की संडासात जाऊन आतून कडी लावायची पद्धतच सुरू केली. महिन्याभरापूर्वी माणसांचे सौदे करणारा कोच आता खात्यात हिंडत होता आणि लोक त्याला बघून वाट बदलत होते. बाईंनी सांगितलं होतं, अठ्ठावीस तारखेला दुपारी बारा वाजता हजेरीपट बंद. तोवर माणसाच्या बदल्यात माणूस, एरवी नाही. पाच दिवस उरले होते.

घरी बायकोनं बोलणं टाकलं. ताट पुढ्यात यायचं, पाण्याचा पेला यायचा, शब्द येत नसे. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्यांना कुणीच बदलीचं सांगितलं नव्हतं.

"पेंट शॉप बंद होतंय म्हणे. बरं झालं बाई, आमचा मेंटेनन्सला आहे. तुम्ही आहात ना तिथं, मला घोर नाही."

"हो," कोच म्हणाला. एवढं एकच अक्षर बोलायला त्याला घाम फुटला.

सगळ्यात वाईट म्हणजे गोटी. तो रोज स्टोअरच्या खिडकीवर यायचा. "भावोजी, आहात का? जरा बोलायचंय." त्याचा खोकला लांबूनच ऐकू यायचा, आणि तो ऐकला की कोच बेअरिंगच्या खोक्यांमागे जाऊन उकिडवा बसायचा. कुठल्या तोंडानं समोर जाणार? गोटी थोडा वेळ थांबायचा आणि जायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी कोचच्या पायाला मुंगी चावली तरी तो हूं की चूं न करता बसून राहिला, आणि त्या अंधारात त्याला मनापासून वाटलं की आपण फार हलकट माणूस आहोत.

सत्तावीस तारखेला त्यानं खण उघडला. हजार फॉर्मांमधून गोटीची सही असलेला तो दुसरा कोरा फॉर्म बाहेर काढला. वीस वर्षांत प्रथमच दुसरा फॉर्म कामाला येत होता! 'पेंट शॉपमधून येणार' या रकान्यात त्यानं गोटीचं नाव घातलं. 'पेंट शॉपमध्ये जाणार' या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसला. शाईचा ठिपका पडला. मग त्यानं स्वतःचं नाव लिहिलं.

बायकोला सांगितलं नाही. गोटीला तर नाहीच. सांगितलं तर तो कबूल होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आयुष्यात एक तरी गोष्ट गाजावाजा न करता करायची, असं त्यानं ठरवलं. नेमकी हीच गोष्ट त्यासाठी निवडायला नको होती, पण ते नंतरचं.

अठ्ठावीसला सकाळी साहेबांनी याही फॉर्मवर न वाचता सही ठोकली, आणि दहाला कोचनं तो बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे तुम्ही शुद्धीत भरलंय ना?"

"हो."

"बारानंतर मला काही करता येणार नाही. मेंटेनन्समधली जी जागा पुढं रिकामी होईल ती भरायची नाही, असं वरून आलंय. परत यायला वाट नाही. तीन दिवसांनी तुम्ही घरी."

"माहीत आहे."

बाईंनी शिक्का मारला.  बाहेर पडताना कोचला हलकं वाटत होतं. त्या पाच दिवसांत त्यानं पहिल्यांदा चहा घेतला, आणि तो त्याला गोड लागला.

चार वाजता सामना. पेंट शॉपचे लोक खिशात नोटीस घेऊन मैदानात उतरले होते. फोरमन मात्र बाजूला उभा राहून फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता. त्याला हसताना कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे तो दुसराच कोणी वाटत होता. गोटी मेंटेनन्सचा बनियन घालून आला. तोंडावर मास्क नव्हता.

"भावोजी! सापडलात एकदाचे!" तो म्हणाला. "ऐकलंत का? सकाळी बाईंचा फोन आला. माझं नाव परत मेंटेनन्सच्या पटावर! साहेबांना दया आली असणार."

"साहेब कसले," कोच म्हणाला. इतका वेळ दाबून धरलेला अभिमान आता त्याच्या आवाजात शिरला. "मी केलं ते. तुझ्या जागी मी गेलोय."

 गोटी मैदानाच्या कडेला मटकन खाली बसला.

"भावोजी, हे काय केलंत!"

"असं काय करतोस? तुझी नोकरी वाचली."

"माझी नोकरी वाचलेलीच होती हो! नोटीस लागली त्याच दिवशी फोन फिरवले मी. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर जागा होती, ती पक्की झाली. आपल्या पेंट शॉपमधल्या आणखी आठ जणांचं इकडंतिकडं लावलं. नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत वाच्यता नको म्हणाले, म्हणून ताईला बोललो नाही. पण तुम्हाला सांगायला तीनदा आलो होतो खिडकीवर!"

"मी... आत नव्हतो."

"बेअरिंगच्या खोक्यांमागून तुमचे बूट दिसत होते, भावोजी."

कोचनं खाली बुटांकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यात एक दिवा लागला. "मग हरकत काय आहे! तू आता मेंटेनन्सला परत आलास ना? बर्फाच्या कारखान्यातली ती जागा मी घेतो!"

गोटीनं मान खाली घातली.

"सकाळी बाईंचा फोन आला, तेव्हा मला वाटलं आपलं तर झालं. मग ती जागा अडवून कशाला ठेवायची? दहा मिनिटांत मी ती फोरमनना देऊन टाकली. त्यांना या वयात कोण घेणार होतं? तिकडचे साहेब हो म्हणालेसुद्धा." मग तो एकदम उठला. "थांबा, मी मागून घेतो परत. अजून उशीर झालेला नाही."

कोचनं फोरमनकडे पाहिलं. बसक्या आवाजात तो फोनवर सांगत होता, "अगं, खरंच. रडतेस काय? एक तारखेपासूनच." कोचच्या ओठांवर 'हो, माग' हे शब्द आलेच होते. अगदी जिभेच्या टोकावर होते. त्याचं घर, त्याची बायको, त्याचं सत्तेचाळीस वय, सगळं त्या दोन शब्दांत होतं. त्याला ते शब्द फार बोलावेसे वाटले.

"राहू दे," तो म्हणाला.

"भावोजी, एक शब्द बोलला असतात आधी. एक शब्द!"

"राहू दे म्हणतो ना!"

तेवढ्यात बाईंची शिट्टी वाजली. हजेरीपटाप्रमाणे कोच पेंट शॉपकडून आणि गोटी मेंटेनन्सकडून. नियम म्हणजे नियम! पेंट शॉपला पॉईंट गार्ड उरला नव्हता, तेव्हा तिथं कोचला उभं केलं. त्याची उंची बेताची, वेग नाही आणि नेम नाही.

खेळ कसला, मयताला जमल्यासारखी माणसं जागच्या जागी फिरत होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. शिडीनं एकदा चेंडू हातात आल्यावर चक्क वेल्डरला दिला. गोटी समोरून सारखं ओरडून सांगत होता, "भावोजी, डावीकडे रिकामं आहे!" तो विसरलाच होता की आपण आता दुसऱ्या बाजूचे आहोत. शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते आणि चेंडू कोचच्या हातात होता. शिडी दोन्ही हात पसरून पुढ्यात उभा. कोचनं मान वळवली. फोरमन रिंगखाली एकटाच उभा होता, तोंडभर हसत, खेळाकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"फोरमन! घ्या! चेंडू येतोय!" कोच जिवाच्या आकांतानं ओरडला.

फोरमननं दचकून हात वर केले. पास नाकावर बसला नाही, हातात बसला. त्यानं तो तसाच वर टाकला. चेंडू मुठीवर आपटला, उंच उडाला, आणि त्या मुठीनं आयुष्यात पहिल्यांदा भलेपणा दाखवला. चेंडू आत गेला. पेंट शॉप जिंकलं! टाळ्या तिघांनी वाजवल्या, त्यातला एक गोटी होता.

घरी गेल्यावर कोच म्हणाला, "तुझ्या भावाची नोकरी वाचली. परत मेंटेनन्सला आला तो."

सहा दिवसांनी बायकोच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं देवाला हात जोडले, डोळे पुसले आणि चहा ठेवला. चहा उकळायला लागला तेव्हा तिनं वळून विचारलं, "पण कशी हो वाचली?"

कोचनं सांगितलं. चहा उतू जाऊन गॅस विझला, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. मग ती त्याच्याशेजारी येऊन बसली. तिनं त्याचा हात हातात घेतला, घट्ट दाबला, आणि म्हणाली, "मला तरी सांगायचंत. माझाच भाऊ आहे तो, मी त्याला विचारलं असतं." एवढं बोलून ती जी रडायला लागली, ती आपल्या नवऱ्यासाठी की त्याच्या अकलेसाठी, हे कोचला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पेंट शॉप रिकामं करायचं होतं. बंद झालेल्या खात्याचं सामान मेंटेनन्सच्या स्टोअरमध्ये जमा करायचं, असा कारखान्याचा नियम. फवाऱ्याच्या बंदुका गेल्या, पाइप गेले, मास्क गेले. शेवटी टेबलावर एकच वस्तू राहिली. ती पोचवायचं काम पेंट शॉपच्या सर्वांत नव्या माणसाकडे आलं.

कोच ट्रॉफी काखेत मारून निघाला. चालताना आतली चावी खुळखुळत होती. गोटी फोनच्या खुर्चीत परत बसला होता. त्याला पाहून उठायला लागला, पण त्याच क्षणी फोन वाजला आणि कुठंतरी कॉम्प्रेसर बंद पडला होता.

स्टोअरच्या खिडकीत आता शिडी बसत होता. त्यानं वाकून बाहेर पाहिलं आणि तो ओशाळला.

"द्या कोच," तो म्हणाला. ट्रॉफी त्यानं दोन्ही हातांनी घेतली, रॅककडे वळला आणि ग्रीसच्या डब्याची जी जागा मोकळी होती तिथं नेऊन ठेवली. अगदी फिट बसली. यंदाची ट्रॉफी आपल्या स्टोअरमध्ये येणार म्हणजे येणारच, असं कोच म्हणाला होता. त्याचा शब्द खोटा ठरला, असं कुणी म्हणू शकणार नाही.

कोच जायला निघाला, तेवढ्यात शिडीनं मागून हाक मारली.

"कोच, सही राहिली." त्यानं खिडकीतून दोन फॉर्म पुढं केले. "या दुसऱ्या कोऱ्यावर पण करा. पहिला खराब झाला, तर तुम्हाला शोधत कुठं फिरू?"

कोचनं दोन्हींवर सही केली.